जुन्या चार नंबरचं कुलूप

मी त्या दिवशी आईबरोबर हॉस्पिटलमध्ये गेले ती फक्त पेन वाजवायला.

हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून आधी नीट सांगते. आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये काम करते. तिथे पंख्यांचा इतका आवाज असतो की शेजारी उभ्या माणसाचं 'हो' ऐकू येत नाही. त्यामुळे त्या खोलीत एक पद्धत आहे. मशीनला कोणताही मोठा हुकूम देण्याआधी, कीबोर्डवर बसलेल्याने तो ओरडून म्हणायचा. दुसऱ्याने मागे उभं राहून स्क्रीन बघायची आणि रॅकच्या लोखंडी पट्टीवर पेन आपटायचं. एक ठोका म्हणजे बरोबर आहे, पुढे जा. दोन ठोके म्हणजे थांब, परत बघ. दोन ठोके पडले की मागच्याने स्क्रीनवर जे दिसतंय ते वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायचं. अर्थ कळो न कळो, वाचायचं.

ही पद्धत मास्तरांची. ते काही शाळेतले मास्तर नव्हते. आईच्या आधी वीस वर्षं ती खोली त्यांनी सांभाळली आणि आईला काम शिकवलं. कुणी चुकलं की ते चूक दहादा लिहून काढायला लावत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. गेल्या वर्षी ते गेले. त्याच हॉस्पिटलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. त्या दुपारी आई खाली एका बिघडलेल्या डिस्कशी झटत होती. वर ये असा निरोप आला, आणि पाठोपाठ मास्तरांचा दुसरा निरोप आला की आधी ते बघ, मी कुठे पळून जातोय. आई वर पोचली तेव्हा सिस्टर पलंगावरची चादर बदलत होत्या.

आई हे कधी बोलत नाही. मला बाबांनी सांगितलं.

तर, त्या दिवशी सुट्टी होती. वीज खात्याची माणसं हॉस्पिटलचं जुनं पॅनेल बदलणार होती, म्हणून सकाळी नऊ ते अकरा सर्व्हर रूमची वीज बंद राहणार होती. आईच्या हाताखालचा दादा तापाने झोपून होता. माझी परीक्षा संपली होती. मी फार बोलत नाही, घरी मला सगळे मौनीबाबा म्हणतात. आई म्हणाली, बोलायचं नाही, नुसतं बघायचं आणि पेन वाजवायचं, हे काम देवाने तुझ्यासाठीच काढलंय. मी चप्पल घातली.

सर्व्हर रूम तळघरात आहे. तिला खिडकी नाही. आत गेलं की बाहेर सकाळ आहे का संध्याकाळ, काही कळत नाही. दोन रांगांमध्ये माणसाहून उंच काळी कपाटं, त्यांत एकावर एक रचलेले सर्व्हर, आणि प्रत्येकावर हिरवे ठिपके. वीज बंद होती तेव्हा ते ठिपके विझले होते आणि पंखे थांबले होते. त्या दोन तासांत मला त्या खोलीचा खरा वास कळला. थंड लोखंड, रबर, आणि बंद ट्रंकेतून येतो तसा कोंदट वास. आई टॉर्च लावून बसली होती. ती म्हणाली, "मला ही खोली अशी गप्प आवडत नाही."

वीज आली. पंखे एकेक करून घोंघावू लागले. आता आई 'मशीनं' चालू करणार होती.

ही मशीनं म्हणजे काय ते मला त्या दिवशीच समजलं. एका सर्व्हरच्या पोटात दहा-बारा कॉम्प्युटर राहतात. त्यांना खोकं नसतं, तार नसते, हात लावायला काही नसतं. नुसत्या फाइलीच. पण चालू झाले की ते खऱ्या कॉम्प्युटरसारखेच वागतात. औषधांचं एक, एक्स-रेचं एक, रक्तपेढीचं एक. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मी आईला म्हटलं, म्हणजे शरीर नसलेले. आई हसली आणि म्हणाली, असं मोठ्याने म्हणू नकोस, घाबरून चालू व्हायची नाहीत.

बारापर्यंत बावीस मशीनं उठली. आई ओरडायची, मी स्क्रीनवर नाव ताडून ठोका द्यायचे. तेविसावं रक्तपेढीचं. ते उठलं नाही.

पहिल्या वेळी स्क्रीनवर आलं की मांडणीची फाइल वाचता येत नाही. कोणती डिस्क कुठे जोडायची हे जिच्यात लिहिलेलं असतं ती ही छोटी फाइल. वीज बंद होताना ती खराब झाली होती. आईने ती हाताने नवी लिहिली. दुसऱ्या वेळी आलं की मेमरी पुरत नाही. आईने एक सरावाचं मशीन बंद करून जागा केली. तिसऱ्या वेळी लाल अक्षरांत एकच ओळ आली. फाइलला कुलूप आहे, दुसरं कोणीतरी ती वापरत आहे.

"दुसरं कोण," आई स्वतःशीच जोरात म्हणाली, "इथे आहोत आपण दोघी."

मग ती म्हणाली की हे व्हायचंच, तू जेवून ये. मी डबा घेऊन वर गेले.

वरच्या मजल्यावर व्हरांड्यात एक काकू चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. डावा हात छातीशी धरलेला, मांडीवर कंगवा. त्यांनी मला अशी हाक मारली जणू मी त्यांच्या शेजारीच राहते. म्हणाल्या, जरा माझ्या दोन वेण्या घालशील का गं, आतल्या सिस्टर म्हणतात केस बांधून या. सकाळी नवऱ्याने घातली होती एक. बघ, नुसतं दोरखंड झालंय.

मी अनोळखी माणसांशी बोलत नाही, पण वेणी घालायला बोलावं लागत नाही. त्यांचे केस लांब होते आणि त्यांना शिकेकाईचा नाही, साध्या साबणाचा वास होता. त्या बोलत राहिल्या. शिवणकाम करतात. तीन महिन्यांपूर्वी रस्त्यात गाडीने उडवलं तेव्हा बेशुद्धच आणलं होतं त्यांना इथे. त्या वेळी काय काय केलं, किती रक्त चढवलं, त्यांना काही ठाऊक नाही. आता कमरेचं हाड पुन्हा बसवायचंय. तीनदा तारीख पुढे गेली. आज सहा वाजता नक्की. मुलगा सहा वर्षांचा, तो याच हॉस्पिटलात झाला, आणि घरी विचारून विचारून जीव खातोय की आई चालत कधी येणार.

"तुझी आई काय करते इथे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की खाली एक मशीन चालू होत नाहीये.

"माझंही तीन महिने बंदच आहे," त्या म्हणाल्या. "सांग तिला, तेल घाल."

मी हसले. वेण्या चांगल्या झाल्या होत्या. त्यांनी चाचपून बघितल्या आणि माझ्या गालाला हात लावला.

खाली आले तेव्हा रक्तपेढीतल्या ताई दाराशी उभ्या होत्या. नोकरीला लागून त्यांना महिनाच झाला होता. कानांवर हात ठेवून त्या आईशी बोलत होत्या. मी ऐकलं ते असं. काही माणसांना पूर्वी कधी दुसऱ्याचं रक्त चढवलेलं असलं की त्यांच्या रक्तात एखाद्या प्रकारच्या रक्ताविषयी राग बसतो. हळूहळू तो इतका बारीक होतो की चाचणीत दिसत नाही. पण रक्त ते विसरलेलं नसतं. पुन्हा तसंच रक्त चढवलं तर चार-सहा दिवसांत तो राग उसळून वर येतो, आणि मग माणूस वाचेलच असं नाही. म्हणून नियम असा की जुनी नोंद बघितल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. आणि जुनी नोंद त्या मशीनमध्ये.

सहाची हाडाची केस आहे, ताई म्हणाल्या. चाचणी सकाळी केली, अगदी स्वच्छ. डॉक्टर म्हणतात पाचपर्यंत वाट बघू, नाहीतर चाचणीवरच जाऊ. बाई तीनदा उपास करून तीनदा परत गेल्यात.

वेण्या घातलेल्या काकूंचीच ती केस, हे मला तेव्हा कळलं. माझ्या बोटांना अजून साबणाचा वास होता.

दोन वाजले होते.

ताई गेल्यावर आईने कुलपाचा मालक शोधायला घेतला. तिने मला समजावलं, कदाचित स्वतःलाच समजावत होती. एका फाइलवर दोन सर्व्हरनी एकाच वेळी लिहिलं तर फाइल नासते. म्हणून जो सर्व्हर वापरतो तो तिला कुलूप लावतो आणि कुलपावर स्वतःचा बारा अक्षरांचा नंबर सोडतो. कधी कधी सर्व्हर अचानक बंद पडतो आणि कुलूप तसंच राहतं. त्याला शिळं कुलूप म्हणतात. सर्व्हर एकदा बंद-चालू केला की ते सुटतं.

रक्तपेढीचं मशीन ज्यांच्यावर चालू शकतं ते तिन्ही सर्व्हर, त्यांतली चालू मशीनं तेवढ्यापुरती दुसरीकडे हलवून, तिने एकेक करून बंद-चालू केले. दीड तास गेला. कुलूप सुटलं नाही.

मग तिने तो नंबर काढला आणि मास्तरांच्या हातच्या जाड रजिस्टरमध्ये शोधला. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तिचं बोट पानावरून खाली गेलं, थांबलं, वर गेलं, परत खाली आलं.

"जुना चार," ती म्हणाली.

जुना चार नंबरचा सर्व्हर खोलीच्या टोकाला भिंतीशी जमिनीवर ठेवलेला होता, भंगारात द्यायचा म्हणून. मास्तर गेले त्याच महिन्यात तो बंद केला होता. त्याला वर्ष झालं. त्यानंतर रक्तपेढीचं मशीन पाच वेळा बंद झालं, पाच वेळा चालू झालं. कधी काही अडलं नव्हतं.

आईने मला टॉर्च दिला आणि म्हणाली, मागून बघून ये, कुणी तार जोडली आहे का.

मी गेले. कपाटांच्या मधल्या वाटेत पुढून थंड वारा येतो आणि मागून गरम. टोकाशी दोन्ही थांबतात. तिथे हवा नुसती उभी होती. जुना चार धुळीने पांढरा झाला होता. मी गुडघ्यावर बसून मागे टॉर्च मारला. विजेची तार नव्हती. नेटवर्कची तार नव्हती. तार घालायच्या भोकांत कोळ्याचं जाळं होतं, अखंड. मी वर हात ठेवला. ताटासारखा गार. माझ्या पाच बोटांचे ठसे धुळीत उमटले. त्याशिवाय तिथे कुणाचाच ठसा नव्हता.

परत येऊन मी मान हलवली. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती कुलपाची माहिती परत परत काढून बघत होती. शिळ्या कुलपाची वेळ जुनी असते, एकाच जागी गोठलेली. ह्या कुलपाची वेळ दर तीन सेकंदांनी नवी होत होती.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्याने ते आत्ता धरलंय," आई म्हणाली. "दर तीन सेकंदांनी सांगतोय की... मी आहे."

पंख्यांचा आवाज होता तेवढाच होता, पण मला तो मोठा झाल्यासारखा वाटायला लागला. माझी पाठ त्या टोकाकडे होती. ती तशी असू नये असं मला फार वाटत होतं, पण स्क्रीन बघायचं माझं काम होतं.

साडेचारला ताईंचा फोन आला. आईने तो कानाशी धरला आणि दोन-तीनदा हो म्हणाली. काकूंना आत न्यायला सुरुवात झाली होती.

आईने फोन ठेवला, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली की कुलूप तोडते. तसं तोडता येतं. एकच हुकूम असतो, आणि त्यानंतर मशीन काही न विचारता सुरू होतं. मास्तर ते सहसा करू देत नसत, पण मास्तर आता नव्हते, आणि वर एक बाई उपाशी पडली होती. आईचे डोळे लाल झाले होते. ती अशी घाईत असली की खालचा ओठ दातात धरते. तो तिने धरला होता.

तिने हुकूम टाइप केला. मग मास्तरांची पद्धत म्हणून, मला ऐकू जावं म्हणून, ओरडून म्हणाली, "कुलूप तोडते आणि चालू करते."

मी स्क्रीनकडे बघितलं. नाव रक्तपेढीचंच होतं. मी पेन उचललं.

दोन ठोके पडले.

मी पेन पट्टीला टेकवलं नव्हतं. ते माझ्या हातात, हवेत होतं. ठोके माझ्या मागून आले होते, त्या टोकाकडून, सावकाश, लोखंडावर लोखंड पडावं तसे. टक्... टक्.

आईचं बोट कळीवर होतं. तिने ते उचललं. "काय झालं?" ती पुढे बघतच म्हणाली. "काय दिसलं तुला?"

मला सांगायचं होतं की मी वाजवलं नाही. ते म्हणता येईना. शाळेत बाई उभं करतात तेव्हा होतं तसंच, फक्त कितीतरी पटीने. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. पण दोन ठोके पडले की वाचायचं असतं, आणि वाचणं मला जमतं. म्हणून मी वाचायला लागले. वरून खाली. मशीनचं नाव. मेमरी. डिस्कची फाइल. तिचा आकार. तिच्यात शेवटचं काही लिहिलं ती तारीख.

ती तारीख मी वाचली आणि आई म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचली. ती चार महिन्यांपूर्वीची होती.

रक्तपेढीचं मशीन काल रात्रीपर्यंत चालू होतं. रोज पन्नास नोंदी होतात. मग त्याच्या डिस्कवर चार महिने कुणीच काही लिहिलं नाही असं कसं होईल?

आईने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले, जणू तो तापलेला तवा होता. मी तिचा चेहरा बाजूने बघत होते. त्याच्यावरचा रंग उतरत गेला.

पुढचं तिने मला नंतर घरी समजावलं, पण इथेच सांगते. एखाद्या मशीनमध्ये मोठा बदल करायच्या आधी त्याची डिस्क आहे तशी गोठवून ठेवतात आणि पुढचं सगळं वेगळ्या फाइलीत लिहितात. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका भरली की पुरवणी घेतो, तसं. बदल नीट झाला की दोन दिवसांत पुरवणी मूळ डिस्कमध्ये उतरवायची आणि फाडून टाकायची, असा मास्तरांचा नियम. आईने चार महिन्यांपूर्वी अशी पुरवणी घेतली होती आणि उतरवायची विसरली होती. चार महिने रक्तपेढी पुरवणीतच लिहीत होती. आज मांडणीची फाइल हाताने लिहिताना आईने मूळ डिस्क जोडली, पुरवणी नाही.

कुलूप तोडून ते मशीन चालू केलं असतं, तर ते छान चालू झालं असतं. काही लाल आलं नसतं. ताईंनी काकूंचं नाव घातलं असतं, आणि सहा वर्षांपूर्वी मुलगा झाला तेव्हाची त्यांची नोंद समोर आली असती. सर्व ठीक. आणि मूळ डिस्कवर एक अक्षर जरी नवीन पडलं असतं, तरी पुरवणी तिला पुन्हा कधीच जुळली नसती. अपघातानंतरचे तीन महिने पुसले गेले असते, आणि पुसले गेलेत हे कुणालाच कळलं नसतं.

आईने डिस्कच्या दुसऱ्या कपाटात पुरवणी शोधली. ती होती. मांडणीची फाइल परत लिहिताना एक ओळ तिने तीनदा खोडली. मग तिने कुलपाची माहिती पुन्हा काढली.

कुलूप नव्हतं. कुणी तोडलं नव्हतं. ज्याने धरलं होतं त्याने सोडलं होतं.

"पुरवणी जोडून चालू करते," आई म्हणाली. ह्या वेळी ती ओरडली नाही. मला तिचे ओठ हलताना दिसले, तेवढंच. आणि ती माझ्याकडे नाही, खोलीच्या टोकाकडे बघत होती.

मी तारखेसकट सगळं मनात वाचलं आणि एक ठोका दिला. माझ्या ठोक्यामागून दुसरा कुठलाच आवाज आला नाही.

मशीन चालू झालं. पाच वाजून सात मिनिटं.

ताईंनी वरून फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पंख्यांतून मलासुद्धा ऐकू आला. काकूंच्या नावापुढे लाल खूण होती. अपघातात रक्त चढवल्यावर तीन आठवड्यांनी कुणीतरी तपासणी केली होती आणि तो राग सापडला होता. नोंद केली, पण काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. आज काढून ठेवलेल्या चार पिशव्यांपैकी तीन त्यांना चालणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या पिशव्या मागवाव्या लागल्या. ऑपरेशन सहाऐवजी आठला झालं. काकूंना मी चौथ्या दिवशी बघितलं, काठी धरून व्हरांड्यात उभ्या होत्या. मी घातलेल्या वेण्या सुटल्या होत्या आणि परत दोरखंड झालं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी निघालो. मग मी सांगून टाकलं की ते दोन ठोके माझे नव्हते.

"माहीत आहे," आई म्हणाली.

"कसं?"

"तू पेन टोपणाच्या बाजूने वाजवतेस. प्लास्टिकचा आवाज येतो." ती थोडी चालली. "मास्तर स्टीलचं वापरायचे."

मी तिचा हात धरला. तो गार होता आणि ओला होता. पुढे कोपऱ्यावर ती म्हणाली की आज दहादा लिहून काढायला हवं मला. आणि घरी येऊन, जेवणाची भांडी आवरून झाल्यावर, तिने खरंच माझी जुनी वही घेतली आणि लिहिलं. पुरवणी दोन दिवसांत उतरवायची. दहा ओळी. मी झोपेचं सोंग घेऊन बघत होते. नववी ओळ लिहिताना ती रडत होती, पण तिचा चेहरा मास्तर गेल्यापासून मी इतका हलका बघितला नव्हता.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. आईनेही कुणाला सांगितली नाही.

पुढच्या आठवड्यात भंगारवाले आले. जुना चार उचलायला दोघं वाकले आणि एकाने तो एका हाताने उचलला. हे तर रिकामं आहे, तो म्हणाला. झाकण काढलं तर आत काहीच नव्हतं. दादाने गेल्या वर्षीच सुटे भाग म्हणून सगळं काढून घेतलं होतं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं राहिलं होतं. बारा अक्षरांचा नंबर सर्व्हरच्या आतल्या ज्या कार्डावर असतो ते कार्ड दादाने तेव्हाच मोडीत टाकलं होतं. आईने भंगारवाल्यांना खूण केली. त्यांनी डबा नेला. फरशीवर एक चौकोन तेवढा स्वच्छ राहिला.

मग ह्या महिन्यात नवजात बाळांच्या वॉर्डसाठी नवीन मशीन आलं. म्हणजे फाइलीच आल्या. काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या बाळांचा श्वास मोजायचा आणि एखाद्याचा अडला तर घंटा वाजवायची, हे त्याचं काम. सगळं तयार होतं. आई आणि दादा चालू करायला बसले, आणि लाल ओळ आली. फाइलला कुलूप आहे, दुसरं कोणीतरी ती वापरत आहे.

नंबर तोच.

आईने कुलूप तोडलं नाही. तिने सगळ्यांना सांगितलं की मशीनमध्ये दोष आहे, सापडल्याशिवाय ती ते चालू करणार नाही. कोणता दोष असं मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, अजून कळलेला नाही. ते रागावले. ज्यांनी ते मशीन बनवलं ती माणसं येऊन बघून गेली आणि काही चूक नाही म्हणाली. तारखा बरोबर आहेत, पुरवणी नाही, मांडणी बरोबर आहे. सुट्टीच्या दिवशी मी जाऊन तीन वेळा वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. मलाही काही दिसलं नाही. आईने वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, तेव्हा त्यांनी प्रत्येक पाळीला एक जादा सिस्टर बसवली. ती नुसती खुर्चीवर बसते आणि सात बाळांकडे बघते. आई रोज सकाळी आधी तिथे जाते आणि काचेतून सात मोजते.

आज तेरावा दिवस आहे. पहिल्या दिवशी कुलपाची वेळ दर तीन सेकंदांनी नवी होत होती. काल मी आईबरोबर गेले तेव्हा घड्याळ लावून मोजली.

दर सेकंदाला होत होती.